जर्मनीतून रशियन फौजेची वापसी : वेळापत्रक पाळले गेले, हिशेब मात्र पुसावा लागला

दि. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी बर्लिनमध्ये रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन आणि जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल यांच्या उपस्थितीत रशियन सैन्याला अधिकृत निरोप देण्यात आला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन भूमीवर आलेल्या सोव्हिएत फौजेचा ४९ वर्षांचा मुक्काम संपला. १९९१ ते १९९४ या अवघ्या पावणेचार वर्षांत ३,३७,८०० सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय व नागरी कर्मचारी मिळून २,०८,४०० जण, म्हणजे एकूण ५,४६,२०० माणसे मायदेशी परतली. त्यांच्यासोबत सुमारे ४,२०० रणगाडे, ८,२०० चिलखती वाहने, ३,६०० हून अधिक तोफा, जवळपास ६९० विमाने, ६८० हेलिकॉप्टर आणि ६,७७,००० टन दारूगोळा गेला. साहित्याचे एकूण वजन २७ लाख टनांहून अधिक भरले. शांततेच्या काळात एवढ्या मोठ्या फौजेने परकी भूमी सोडल्याची उदाहरणे इतिहासात फारशी सापडत नाहीत.

या वापसीत ठरलेली मुदत चुकली नाही. उलट मुदतीच्या चार महिने आधीच काम पूर्ण झाले. त्यामुळे लष्करी नियोजनाच्या अभ्यासात हे उदाहरण यशस्वी म्हणून सांगितले जाते आणि वाघिणींच्या हिशेबापुरते ते खरेही आहे. मात्र परतणाऱ्या अधिकाऱ्याने राहायचे कोठे आणि मागे उरलेल्या इमारती, तेलाने भिजलेली माती व न फुटलेले तोफगोळे यांची किंमत कोणी मोजायची, या दोन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही वेळापत्रकात नव्हती. पहिल्या प्रश्नावर पैसा खर्च झाला, तो पुरला नाही. दुसरा प्रश्न दोन्ही सरकारांनी परस्परांचे दावे सोडून देऊन मिटवला आणि त्याचा भार पूर्व जर्मनीतील राज्यांवर पडला.

फौजेचा पसारा

जून १९४५ मध्ये सोव्हिएत ताबा फौज या नावाने स्थापन झालेला हा सेनासमूह १९८९ पासून 'पश्चिम सेनासमूह' या नावाने ओळखला जात होता. पाच भूसेना आणि एक वायुसेना अशी त्याची रचना होती. ड्रेस्डेन, माग्डेबुर्ग, वायमारजवळील नोरा, एबर्सवाल्डे आणि फ्युर्स्टेनबेर्ग येथे भूसेनांची मुख्यालये होती, तर सर्वोच्च मुख्यालय बर्लिनच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर व्युन्सडोर्फ येथे होते. याच परिसरातील भूमिगत बंकरांमधून महायुद्धाच्या काळात जर्मन भूदलाचे सर्वोच्च नेतृत्व कारभार पाहत असे. सोव्हिएत काळात व्युन्सडोर्फ हे कुंपणाआडचे स्वतंत्र शहरच बनले. तेथे शाळा, दुकाने, नाट्यगृह, रुग्णालय होते, मॉस्कोला थेट रेल्वेगाडी होती आणि सामान्य जर्मन नागरिकाला प्रवेश नव्हता.

या सेनासमूहाच्या ताब्यातील बराकी, विमानतळ, कोठारे आणि सरावभूमी यांचे क्षेत्रफळ सुमारे २,४०० चौरस किलोमीटर होते. म्हणजे गोव्याच्या क्षेत्रफळाच्या जवळपास दोनतृतीयांश. पूर्व जर्मनीच्या एकूण भूमीपैकी दोन टक्क्यांहून थोडी अधिक जमीन नकाशावर जणू कोरी होती. तिच्यावर काय बांधले आहे, काय पुरले आहे आणि काय सांडले आहे याची नोंद पूर्व जर्मन प्रशासनाकडेही नव्हती. पुढे हीच अनभिज्ञता सर्वांत महाग पडली.

करारातील आकडे

वापसीची राजकीय तडजोड जुलै १९९० मध्ये कोल आणि सोव्हिएत अध्यक्ष मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या मॉस्को व कॉकेशस येथील चर्चेत झाली. एकीकृत जर्मनी नाटोत राहील आणि सोव्हिएत सैन्य तीन ते चार वर्षांत परत जाईल, हे तिचे सार होते. १२ सप्टेंबर १९९० रोजी मॉस्कोत झालेल्या 'दोन अधिक चार' करारात १९९४ च्या अखेरची मुदत नोंदवली गेली. सोव्हिएत फौज गेल्यावर त्या भागात परदेशी सैन्य किंवा अण्वस्त्रे ठेवली जाणार नाहीत, असेही त्यात ठरले. ३ ऑक्टोबरला जर्मनीचे एकीकरण झाले आणि फौजेचा यजमान देशच बदलला. कालपर्यंतचे मित्रराष्ट्र अस्तित्वात उरले नाही आणि पश्चिम सेनासमूह नाटोच्या सदस्य देशात पाहुणा झाला. १२ ऑक्टोबर रोजी बॉन येथे सैन्याचा तात्पुरता मुक्काम व नियोजित वापसी यांबाबतचा स्वतंत्र करार झाला.

पैशाची बोलणी सप्टेंबरमध्ये कोल आणि गोर्बाचेव्ह यांच्यात दूरध्वनीवरून झाली. जर्मनीने प्रथम ८ अब्ज मार्कांचा आकडा पुढे केला. तो मॉस्कोला मान्य झाला नाही. अखेर १२ अब्ज मार्क आणि त्याखेरीज ३ अब्ज मार्कांचे बिनव्याजी कर्ज यांवर सहमती झाली. या १२ अब्जांची विभागणी पाहण्यासारखी आहे. सैन्याच्या मुक्कामाच्या खर्चासाठी ३ अब्ज, वाहतुकीसाठी १ अब्ज, सैनिकांना नागरी व्यवसायांचे प्रशिक्षण देण्यासाठी २० कोटी आणि सोव्हिएत संघात घरे बांधण्यासाठी तब्बल ७.८ अब्ज मार्क ठेवण्यात आले. रणगाडे हलवण्यावर जेवढा पैसा, त्याच्या जवळपास आठपट पैसा रणगाडा चालवणाऱ्यांच्या छपरासाठी. नियोजनकारांना खरी अडचण कोठे आहे हे ठाऊक होते, असे या विभागणीवरून दिसते.

त्यामागे सबळ कारण होते. त्याच सुमारास हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियातूनही सोव्हिएत सैन्य निघाले होते. या दोन्ही देशांतील वापसी जून १९९१ मध्ये पूर्ण झाली. पोलंडमधील लढाऊ तुकड्या १९९२ मध्ये आणि उरलेले सैनिक सप्टेंबर १९९३ मध्ये परतले. आधीच घरांच्या टंचाईने ग्रासलेल्या देशात एकाच वेळी एवढी अधिकारी कुटुंबे परतत होती. उघड्यावर राहणारा सशस्त्र अधिकारीवर्ग हा कोणत्याही सरकारसमोरचा राजकीय धोका असतो. ऑगस्ट १९९१ च्या मॉस्कोतील फसलेल्या उठावाने ही भीती निराधार नव्हती हे दाखवून दिले.

वार्षिक वाटा आणि क्रम

वापसीचे साधे सूत्र ठरले. १९९१, १९९२ आणि १९९३ या तीन वर्षांत प्रत्येकी सुमारे ३० टक्के आणि १९९४ मध्ये उरलेले १० टक्के. शेवटच्या वर्षासाठी मुद्दाम कमी वाटा ठेवला गेला, कारण वापसीच्या कामात शेवटचे दहा टक्के नेहमीच सर्वांत अवघड असतात. लढाऊ तुकडी निघून जाते. पण तिला निरोप देणारे रेल्वे पथक, भटारखाना, रुग्णालय, इंधनाची कोठारे, संदेशवहन केंद्र आणि मुख्यालय यांना अखेरपर्यंत थांबावे लागते. ज्या कोठारातून सर्वांना साहित्य पुरवायचे ते आधी रिकामे करता येत नाही आणि ज्याला ते रिकामे करायचे आहे त्यालाही रोज जेवण, पाणी व इंधन लागतेच. लहानातल्या लहान लष्करी तळाच्या बाबतीतही हे कोडे सुटावे लागते. येथे ते शेकडो तळांसाठी एकदम सोडवायचे होते.

दोन्ही बाजूंमध्ये समन्वयासाठी संयुक्त आयोग नेमण्यात आला. जर्मन लष्कराने मेजर जनरल हार्टमुट फोर्च यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र संपर्क पथक स्थापन केले. सोव्हिएत बाजूला १९९० च्या अखेरपासून कर्नल जनरल मात्वेई बुर्लाकोव्ह हे सेनासमूहाचे प्रमुख होते. पुढील वर्षी कोणत्या तुकड्या कोणत्या स्थानकावरून निघणार याची पूर्वसूचना जर्मन बाजूला मिळत असे आणि त्यानुसार रेल्वे, बंदरे व रस्ते यांची तजवीज होई. चार दशके एकमेकांच्या युद्धयोजनांमध्ये शत्रू म्हणून नोंदलेल्या दोन लष्करांनी आता एकाच टेबलाशी बसून वाघिणी मोजायला घेतल्या. या कामातील शिस्त दोन्ही बाजूंना मान्य करावी लागेल.

रूळ, बंदर आणि पोलंडची अट

पूर्व जर्मनीहून सोव्हिएत संघाकडे जाणारा जवळचा मार्ग फ्रांकफुर्ट आन डेर ओडरवरून पोलंडमार्गे ब्रेस्टला जातो. पण पोलंड आता मॉस्कोच्या आज्ञेत नव्हता. आपल्या भूमीवरील सोव्हिएत सैन्य केव्हा जाणार हे आधी ठरवा आणि वाहतुकीचे योग्य शुल्क द्या, अशी त्याची मागणी होती. १९९१ च्या आरंभी यावरून तणाव निर्माण झाला. एखादी फौज परत नेताना यजमान देशाशी करार असून भागत नाही, वाटेवरच्या देशाचीही संमती लागते, हा धडा नियोजनकारांना पहिल्याच हिवाळ्यात मिळाला.

यावर उपाय म्हणून समुद्रमार्गाचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. रोस्टोक, विस्मार आणि विशेषतः र्‍यूगन बेटावरील मुक्रान ही बंदरे त्यासाठी उपयोगी पडली. मुक्रानची कथा मोठी विलक्षण आहे. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी पोलंडमध्ये 'सॉलिडॅरिटी' कामगार चळवळीने उठाव केला, तेव्हा पोलंडला वगळून पूर्व जर्मनी व सोव्हिएत संघ थेट जोडावा या हेतूने हे बंदर उभारले गेले. १९८६ पासून मुक्रान ते लिथुआनियातील क्लायपेडा या मार्गावर रेल्वेच्या वाघिणी पोटात घेऊन जाणाऱ्या मोठ्या फेरीबोटी धावू लागल्या. फौज टिकवण्यासाठी बांधलेल्या या मार्गावरूनच पाच वर्षांनी फौज परत जाऊ लागली.

रुळांच्या रुंदीचा प्रश्नही होता. पश्चिम व मध्य युरोपातील रूळ १,४३५ मिलिमीटर अंतराचे, तर सोव्हिएत रूळ १,५२० मिलिमीटरचे. त्यामुळे ब्रेस्टला चाके बदलावी लागत किंवा माल एका वाघिणीतून दुसरीत चढवावा लागे. मनमाड किंवा मिरजेच्या जुन्या यार्डात मीटरगेज आणि ब्रॉडगेज यांच्यामध्ये माल उतरवून चढवताना होणारी दमछाक ज्यांना आठवते, त्यांना दारूगोळ्याच्या बाबतीत हे काम काय असेल याची कल्पना करता येईल. मुक्रान बंदरात सोव्हिएत रुंदीचे रूळ घातलेले असल्याने तेथे ही अदलाबदल जर्मन भूमीवरच होई आणि वाघिणी थेट बोटीत चढत.

सप्टेंबर १९९१ मध्ये लिथुआनियाच्या स्वातंत्र्याला मॉस्कोने मान्यता दिली आणि क्लायपेडाही परदेशी बंदर झाले. म्हणजे पोलंडला वळसा घालण्यासाठी निवडलेल्या मार्गावरही परकी परवानगी आवश्यक ठरली.

पाठवणारा देशच नाहीसा झाला

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विसर्जन झाले. त्या क्षणी जर्मनीतील लाखो सैनिक कोणत्या देशाचे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. मार्च १९९२ मध्ये येल्त्सिन यांनी या सेनासमूहाची जबाबदारी रशियाकडे घेतली. सक्तीच्या लष्करी सेवेत असलेले युक्रेन, बेलारूस, कझाकस्तान येथील तरुण आपापल्या नव्या देशांकडे परतू लागले. शेकडो सैनिकांनी तर जर्मनीतच आश्रय मागितला.

घरबांधणीच्या योजनेलाही यामुळे धक्का बसला. मूळ योजना ३६,००० सदनिकांची होती. त्यांपैकी पहिल्या वसाहतींची कामे बेलारूसमधील बोरिसोव्ह आणि युक्रेनमधील क्रिवॉय रोग यांसारख्या ठिकाणी सुरू झाली होती, कारण तुकड्या तेथे परतणार असे ठरले होते. आता ती ठिकाणे रशियाबाहेर गेली. उरलेल्या वसाहती रशियात हलवाव्या लागल्या आणि कोणत्या देशाला किती घरे यावर पुन्हा वाटाघाटी झाल्या. बांधकामाच्या निविदांमध्ये तुर्की आणि फिनलंडच्या कंपन्यांनी मोठा वाटा मिळवला. जर्मन करदात्याच्या पैशाने जर्मन कंपन्यांना काम का नाही, असा सूर त्या देशात उमटला, तोही अनपेक्षित नव्हता.

घरे उभी राहण्याचा वेग आणि गाड्या सुटण्याचा वेग यांत अंतर पडले. आठव्या गार्ड्स सेनेचे मुख्यालय व्होल्गोग्राडला गेले. महायुद्धात याच सेनेने ६२ वी सेना या नावाने स्टालिनग्राडचा बचाव केला होता, त्यामुळे नाव बदललेल्या त्याच शहरात ती परतली असे म्हणता येईल. पण सर्वांना शहरे मिळाली नाहीत. दहाव्या गार्ड्स टँक डिव्हिजनला आल्टनग्राबो येथील पक्क्या बराकींतून व्होरोनेझ प्रांतातील बोगुचार या छोट्या गावी पाठवण्यात आले. डिव्हिजन सामावून घेण्याजोग्या कोणत्याही सोयी तेथे नव्हत्या. जर्मनीत वाढलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी हे परतणे नव्हतेच, ते एका अनोळखी मुलुखात जाणे होते.

जादा साहित्याची वाट

रणगाडे आणि तोफा यांची मोजदाद तुलनेने सोपी असते. त्यांना क्रमांक असतात आणि नोव्हेंबर १९९० च्या युरोपातील पारंपरिक सैन्यदलविषयक करारामुळे त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय नजरही होती. अडचण होती ती बाकीच्या पसाऱ्याची. जुनी वाहने, टायर, बॅटऱ्या, रंगाचे डबे, खाटा, स्वयंपाकाची भांडी, सिमेंटच्या फरशा, लाखो लिटर इंधन आणि कालबाह्य दारूगोळा. पन्नास वर्षांच्या मुक्कामात साचलेल्या या वस्तूंपैकी नेण्यायोग्य काय, विकण्यायोग्य काय आणि नष्ट करण्यायोग्य काय, याचा निर्णय प्रत्येक तळावर घ्यावा लागला.

मायदेशी टंचाई असल्याने नेण्यायोग्य या शब्दाचा अर्थ फार व्यापक झाला. सैनिकांनी खिडक्यांच्या चौकटी, दारे, नळ, पाणी तापवण्याची उपकरणे आणि काही ठिकाणी काँक्रीटचे जाड तक्तेही काढून सोबत नेले. शिल्लक मार्कांतून घेतलेल्या जुन्या जर्मन मोटारी लष्करी गाड्यांवर चढल्या. जर्मन वृत्तपत्रांनी यावर चेष्टेने लिहिले. पण पुढच्या मुक्कामी चार भिंतीही मिळतील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने खिडकी काढून नेली तर त्याला लूट म्हणण्यापूर्वी विचार करावा लागतो.

खरी लूट वरच्या पातळीवर होत असल्याचे आरोप झाले. सैन्याच्या नावाने करमुक्त आणलेली सिगारेट व मद्य काळ्या बाजारात गेले, इंधन व साहित्य परस्पर विकले गेले, अशा तक्रारी येत होत्या. रशियाचे तत्कालीन मुख्य सरकारी निरीक्षक युरी बोल्दिरेव्ह यांनी १९९२ मध्ये सेनासमूहाच्या कारभाराची चौकशी केली. मार्च १९९३ मध्ये त्यांनाच पदावरून दूर करण्यात आले. 'मॉस्कोव्स्की कोम्सोमोलेत्स' या दैनिकाचे तरुण वार्ताहर दिमित्री खोलोदोव्ह याच गैरव्यवहारांचा पाठपुरावा करत होते. १७ ऑक्टोबर १९९४ रोजी स्फोटके भरलेली ब्रीफकेस उघडताच झालेल्या स्फोटात कार्यालयातच त्यांचा मृत्यू झाला. जर्मनीहून परतल्यावर संरक्षण उपमंत्री झालेल्या बुर्लाकोव्ह यांना काही दिवसांतच निलंबित करण्यात आले. त्यांनी आरोप नाकारले. खोलोदोव्ह यांच्या हत्येच्या खटल्यातील लष्करी अधिकारी पुढे निर्दोष सुटले आणि हत्येचा उलगडा आजतागायत झालेला नाही.

गोदामाच्या वहीतील नोंद आणि गोदामातील प्रत्यक्ष साठा यांत तफावत पडण्यासाठी वापसीइतका सोयीचा काळ दुसरा नसतो. तपासणीसाला पुन्हा भेट देता येत नाही, कारण तो तळच उरत नाही.

शून्याचा पर्याय

स्थावर मालमत्तेचा वाद सर्वांत चिघळला. १९९० च्या करारानुसार सोव्हिएत पैशाने बांधलेल्या इमारती बाजारभावाने विकून मिळणारी रक्कम मॉस्कोला द्यायची आणि त्यातून पर्यावरणाच्या हानीची भरपाई वजा करायची, असे सूत्र होते. कागदावर ते न्याय्य होते. प्रत्यक्षात दोन्ही आकडे हाती येईनात. मॉस्कोने विमानतळ, गृहसंकुले व कोठारे यांचे अब्जावधी मार्कांचे मूल्य लावले. पण केरोसीन मुरलेल्या जमिनीवरील बराक विकत घेणार कोण? दुसरीकडे जर्मन सरकारने प्रदूषणाची पाहणी करण्यासाठी एका अभियांत्रिकी संस्थेला नेमले. तिने संशयास्पद म्हणून नोंदवलेल्या जागांची संख्या ३० हजारांच्या पुढे गेली. प्रत्येक जागेची माती तपासून हानीचा आकडा ठरवायला दशके लागली असती.

१६ डिसेंबर १९९२ रोजी मॉस्को येथे कोल आणि येल्त्सिन यांनी हा गुंता एका फटक्यात तोडला. रशियाने मालमत्तेवरील दावा सोडला आणि जर्मनीने हानीभरपाईचा. यालाच 'शून्याचा पर्याय' म्हटले गेले. त्याच भेटीत अखेरची मुदत १९९४ च्या डिसेंबरऐवजी ३१ ऑगस्ट करण्यात आली आणि त्या मोबदल्यात जर्मनीने घरबांधणीसाठी आणखी ५५ कोटी मार्क दिले. घरांसाठीची एकूण रक्कम त्यामुळे ८.३५ अब्ज मार्कांवर गेली.

राजनैतिकदृष्ट्या हा व्यवहार चतुर होता यात शंका नाही. फौज लवकर गेली, तंटा मिटला, दोन्ही नेत्यांना आपापल्या संसदेत सांगण्याजोगे काही मिळाले. मात्र घाणीची किंमत शून्य ठरवल्याने घाण नाहीशी होत नाही. १९९४ मध्ये केंद्र सरकारने या जमिनी पूर्वेकडील राज्यांना देऊ केल्या, तेव्हा ब्रांडेनबुर्ग, सॅक्सनी आणि थुरिंगिया यांनी त्या स्वीकारल्या. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न आणि सॅक्सनी-अनहाल्ट या राज्यांनी फायद्यापेक्षा बोजा जास्त आहे हे ओळखून नकार दिला.

निरोप

निरोपाच्या स्वरूपावरूनही मानापमान झाले. अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स या पाश्चिमात्य मित्रराष्ट्रांच्या सैन्याबरोबर एकत्र समारंभ व्हावा अशी रशियाची इच्छा होती. ती मान्य झाली नाही. रशियाचा समारंभ ३१ ऑगस्टला आणि इतर तिघांचा ८ सप्टेंबरला झाला. ट्रेप्टो येथील सोव्हिएत स्मारकावर पुष्पचक्र वाहण्यात आले. त्याच दिवशी येल्त्सिन यांनी बर्लिनच्या पोलीस वाद्यवृंदाच्या संचालकाची काठी हाती घेऊन वादकांना ताल दिल्याचे दृश्य जगभर गाजले. त्यामुळे त्या दिवसातील सैनिकांचा भाग काहीसा झाकोळला. त्याच तारखेला एस्टोनिया आणि लॅटव्हियातील रशियन सैन्याची वापसीही पूर्ण झाली. सोव्हिएत युद्धस्मारके व दफनभूमी यांची देखभाल करण्याचे जर्मनीने नोव्हेंबर १९९० च्या द्विपक्षीय करारात मान्य केले होते. ते बंधन आजही पाळले जाते.

जमिनीचे पुढे काय झाले

तीन राज्यांच्या वाट्याला आलेल्या जमिनीचा सर्वांत मोठा हिस्सा ब्रांडेनबुर्गचा. तिचे भवितव्य एकसारखे नाही. ब्रिझेन-ब्रांड येथील लष्करी विमानतळावर एका कंपनीने महाकाय मालवाहू हवाई जहाजांसाठी ३६० मीटर लांबीचा घुमटाकार हँगर बांधला. ती कंपनी २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २००४ च्या अखेरीस त्याच घुमटाखाली कृत्रिम समुद्रकिनाऱ्याचे 'ट्रॉपिकल आयलंड्स' हे पर्यटनस्थळ सुरू झाले. लीबेरोजेच्या सरावभूमीवर २००९ मध्ये ५३ मेगावॅटचा सौरऊर्जा प्रकल्प उभा राहिला. जमिनीच्या भाड्यातून तेथील दारूगोळा काढण्याचा खर्च भागवण्यात आला. जादा जमिनीकडूनच स्वतःच्या सफाईचा पैसा मिळवण्याची ही युक्ती यशस्वी ठरली, पण ती सर्वत्र लागू पडण्याजोगी नव्हती. श्पेरेनबेर्गचा विमानतळ बर्लिनच्या नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी विचारात होता. १९९६ मध्ये श्योनेफेल्डची निवड झाल्यावर तो रानात हरवला.

विटश्टॉकजवळच्या बॉम्बफेकीच्या मैदानाबाबत नवाच संघर्ष उद्भवला. रशियन विमाने गेल्यावर जर्मन हवाई दलाला तेच मैदान हवे होते. स्थानिक रहिवाशांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, न्यायालयात दाद मागितली आणि २००९ मध्ये संरक्षण मंत्रालयाने माघार घेतली. त्या माळावरील स्फोटके हुडकण्याचे काम त्यानंतरही सुरू राहिले.

व्युन्सडोर्फची कहाणी सौम्य आहे. कुंपण निघाले, बराकींचे रूपांतर सदनिका व सरकारी कार्यालयांत झाले आणि १९९८ मध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानांमुळे त्याला 'पुस्तकनगर' अशी ओळख मिळाली. अधिकाऱ्यांच्या सांस्कृतिक भवनासमोर लेनिनचा पुतळा मात्र उभा राहिला.

सर्वांत मोठ्या सरावभूमींपैकी काही निसर्गसंवर्धनासाठी राखण्यात आल्या आणि २००० मध्ये स्थापन झालेल्या न्यासाकडे सोपवण्यात आल्या. माणसाचा वावर नसल्याने तेथे लांडगे परतले. बर्लिनच्या दक्षिणेचे युटरबोग हे त्यांतील एक क्षेत्र. जून २०१९ मध्ये आणि पुन्हा जून २०२३ मध्ये तेथील वाळलेल्या जंगलाने पेट घेतला, तेव्हा अग्निशमन दलाचे बंब सुरक्षित पट्ट्यातच थांबले. जमिनीत न फुटलेले गोळे असल्याने जवानांना आगीजवळ जाता येत नव्हते आणि शेकडो हेक्टर रान जळत असताना त्यांना कडेच्या रस्त्यांवरून पाण्याचे फवारे मारावे लागले.